जर्मनीला कास्टिंग पाठवायचं भाडं तुर्कस्तानच्या ट्रकशी कसं कंपेअर करायचं?

शिरोलीकर:
मंडळी जरा मदत करा. जर्मनीचं गिऱ्हाईक आहे, 12 किलोचं मशिनिंग केलेलं कास्टिंग (ओतीव भाग), आजवर एफओबी न्हावा शेवा, म्हणजे तिथल्या बंदरात बोटीवर चढवेपर्यंतचा रेट देत होतो, पुढचं तो बघायचा. आता डीएपी मागतोय, म्हणजे त्याच्या दारापर्यंतचं भाडं आमच्या रेटमध्ये, म्हणे तुर्कस्तानवाला ट्रकने दारात आणून देतो. फॉरवर्डरने (माल पाठवायची व्यवस्था बघणारा एजंट) कंटेनरचा आकडा दिलाय पण तो ट्रकभाड्यासमोर मांडायचा कसा?

बंदरवाला:
पर नग काढा, कंटेनरच्या आकड्याकडे बघून घाबरायला होतं नुसतं. जड माल आहे, 20 फुटीत भरपूर जागा शिल्लक असतानाच वजन संपतं, आणि 40 फुटीत काही डबल वजन जात नाही. 20 टन धरले तर साधारण 1650 नग, म्हणजे भाडं 1000 डॉलरनी वाढलं तरी नगामागे 60 सेंट. त्यात कोल्हापूरहून ट्रेलर, दोन्ही बंदरांचं टीएचसी (बंदरात कंटेनर हाताळायचा चार्ज) आणि तिकडचा ट्रक मिळवा. तिकडचं टीएचसी विसरलं की मार्जिन गेलंच.

पर्चेसवाला_पुणे:
दिवस पण मोजा राव. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या तेव्हा 10-14 दिवस वाढले. 20 लाखाचा माल, 10 टक्के व्याज, 14 दिवस, साडेसात हजारच होतात, नगामागे पाच रुपये पण नाही. खरा खर्च वेगळाच, गिऱ्हाईक तिकडे गोडाऊनमध्ये जास्तीचा स्टॉक ठेवायला लावतं आणि तो माल विकला जाईपर्यंत पैसे तुमचेच अडकलेले. तुर्कस्तानवाल्याला एवढा स्टॉक लागत नाही, तो पुढे जातो तो इथं.

शिरोलीकर:
आणि ड्युटी?

बंदरवाला:
डीएपीत इम्पोर्ट ड्युटी गिऱ्हाईकच भरतं, पण तुलना करताना तो धरणारच. तुर्कस्तानचं युरोपियन युनियनशी 1996 पासून कस्टम्स युनियन आहे, त्यामुळे तिकडच्या कास्टिंगला ड्युटी नाही. तेवढा फरक तुमच्या रेटमधून निघाला पाहिजे.

पर्चेसवाला_पुणे:
आणि वर्षभराचा फिक्स डीएपी रेट अजिबात देऊ नका, समुद्रभाडं वेगळ्या ओळीत दाखवा आणि दर तिमाहीला बदलेल असं लिहून घ्या.

शिरोलीकर:
ऐकेल का तो?

पर्चेसवाला_पुणे:
त्याच्या जागी मी असतो तर आधी नाही म्हटलं असतं, मग दर सहा महिन्यांनी बदलायला तयार झालो असतो. मागा तर खरं.