ऐरोलीच्या खाजणाकाठी पीलू? ओळख पटवायला मदत हवी

खाजणवाट:
ऐरोलीत खाडीकडच्या बांधावर (अभयारण्याच्या हद्दीबाहेर), तिवरांच्या मागे, पुरुषभर उंचीचं झुडूप आहे. फांद्या लोंबत्या, पानं जाडसर, फिकट हिरवी, समोरासमोर, साधारण ५ सेंमी. फुलं-फळं सध्या नाहीत. मिस्वाकचं दातण ज्याचं करतात तो पीलू हाच का? तो तर वाळवंटातला, आणि इथे पावसाळाभर बांध चिंब असतो.

बांधावरचा:
आधी एक पान देठाशी तोडून थोडं थांबा. पांढरा चीक आला तर गेवा, म्हणजे खाजणातलंच चिकाचं झाड. तो हात डोळ्याला अजिबात लावू नका, चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. गेव्याची पानं खरं तर एकाआड एक असतात, पण दाट फांदीवर नजर फसते, म्हणून चीक आधी आणि वास नंतर.

चीक नसेल तर पान चुरगळा. मोहरी किंवा अळीव चावल्यावर येतो तसा झणका नाकात गेला तर पीलूच, म्हणजे साल्व्हाडोरा पर्सिका. कोयनेल या खाडीकाठच्या दुसऱ्या झुडपाची पानंही समोरासमोर असतात, पण वास उग्र, मोहरीचा नव्हे. बहरात तर गोंधळ उरतच नाही: कोयनेलचं फूल पांढरं, लांब नळीचं, जांभळट पुंकेसर बाहेर आलेले. पीलूची फुलं हिरवट, बारीक, सैल घोसात. फळ मिरीएवढं, पिकून लालसर.

खारी माती:
पावसाचं कोडं मातीत सुटतं. खाऱ्या जमिनीत पाणी असूनही मुळांना ते ओढणं जड जातं. म्हणजे चिखलात उभं राहूनही झाड तहानलेलं. ही तहान पीलू सोसतो, म्हणून कच्छ-राजस्थानातही तो खारवट जमिनीवर भेटतो. खाडीत मात्र रोजच्या भरतीच्या चिखलात नाही, उधाणाचं पाणी जेमतेम पोचतं त्या मागच्या कडेला शोधा.

राजस्थानात याला खारा जाळ म्हणतात. तिथला मीठा जाळ वेगळा, साल्व्हाडोरा ओलिऑइडिस: पानं अरुंद, फळ पिकून पिवळं आणि गोड.

खाजणवाट:
चीक नाही, वास थेट मोहरीचा! बी रुजवता येईल?

बांधावरचा:
येईल. पिकलेली फळं जाड वाळूत चोळून गर पूर्ण काढा आणि बी धुऊन घ्या. गरातच उगवण रोखणारी द्रव्यं असतात, सगळं फळ पेरलं की बी अडून बसतं. वाळूमिश्रित मातीत १ सेंमी खोल, ताजंच पेरा. पाणी गोडं द्या. पीलू मीठ सोसतो, त्याला ते लागतंच असं नाही.