जुन्या मोजणीच्या खुणा गावकऱ्यांसोबत कशा नोंदवाव्यात?

प्रश्न : गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या जमीनमोजणीवर आधारलेली तीस वर्षांची सारापद्धत (जमीन महसूल आकारणीची पद्धत) १८३६ साली आमच्या इंदापूर तालुक्यात लागू झाली. बांधांवरील जुन्या हद्दीच्या दगडांची नोंद गावकऱ्यांसह करायची असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा व टिपण (शेताच्या मोजणीच्या मापांची नोंद) यांच्या नकला घ्याव्यात, मात्र आधी वृद्धांसोबत शिवारफेरी करावी, कारण नकाशावर केवळ सर्व्हे नंबर असतो, तर लोकांच्या तोंडी ‘चिंचेचा मळा’, ‘पांढरीचा पट्टा’ अशी नावे असतात आणि नकाशा समोर धरला की माणसे त्यालाच दुजोरा देऊन मोकळी होतात.

उत्तर २ : ही नोंद म्हणजे हद्दीचा दावा नव्हे, हे ग्रामसभेत आधीच स्पष्ट करावे, अन्यथा भाऊबंदकीचे जुने वाद उकरले जातील.

प्रश्नकर्ता : वाद आहेतच! दगड न हलवता केवळ छायाचित्र घेऊ.