गुलमर्गला स्कीइंग: पडल्यावर करायचं काय, आणि वाट कुणी कुणाला द्यायची?

भटकी_नाशिकची
जानेवारीत आम्ही भावंडं गुलमर्गला चाललोय, बेसिक कोर्स पण करायचाय. पडणार हे धरूनच चाललोय, त्याची भीती नाही. पण पडल्यावर मागून कुणी आलं तर त्यानं थांबायचं की आपण सरकायचं? आमचे दाजी म्हणतात "साइड साइड" ओरडत यायचं, लोक आपोआप हटतात. खरंय का?

बर्फवेडा
दाजींना आत्ताच अडव! पुढच्याला पाठीमागचं दिसत नाही, म्हणून त्याला सांभाळायची जबाबदारी वरून येणाऱ्याची, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांत हे स्पष्ट आहे. आणि ओरडल्यावर काय होतं माहितीये का, नवशिका दचकतो, मान वळवून बघतो, मानेबरोबर खांदे वळतात, खांद्याबरोबर स्कीज, आणि तो बरोब्बर ओरडणाऱ्याच्याच वाटेत येतो 😄
पडलात तर मनसोक्त हसा, पण जमेल तितक्या लवकर कडेला व्हा. उंचवट्याच्या खाली तर बसूच नका, वरच्याला तुम्ही दिसतच नाही.

झुरिचची_वहिनी
उठायचं सांगते. दोन्ही स्कीज उताराच्या खालच्या बाजूला घे, उताराला आडव्या आणि एकमेकींना समांतर, गुडघे पोटाशी, मग वरच्या बाजूच्या हातावर जोर देऊन उठ. टोकं खाली राहिली तर उठता उठता परत घसरशील. स्की सुटली असेल तर आधी उताराच्या खालच्या बाजूची घाल, आणि बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून काढ गं, लोक नुसते खटखट आपटत बसतात, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, काही लागत नाही.
पडतेय असं वाटलं की बाजूला कुल्ल्यावर पड, हात टेकू नकोस, मुठीत काठी असताना अंगठा हमखास मुरगळतो. आणि घसरत असताना उभं राहायची घाई नको, गुडघ्याचे लिगामेंट तिथेच जातात.
इथे एक प्रथा मला फार आवडते. कुणी जोरात आपटला की एक स्की वर, काठ्या खाली, गॉगल भलतीकडेच, आणि मागून येणारे अनोळखी लोक ते सगळं गोळा करत त्याच्यापर्यंत आणून देतात. कुणाला लागलं असेल तर त्याच्या जरा वर दोन स्कीज फुलीसारख्या रोवतात, म्हणजे वरून येणारे सावध होतात.

सह्याद्रीचा_गडी
गुलमर्गचं वेगळं आहे बरं. खालच्या उतारांवर स्लेजवाले, फोटो काढणारे, चालणारे सगळे एकत्र असतात, त्यामुळे वेग कमीच ठेवा. चालत वर जायचं तर कडेनं जा, मधे बुटांचे खड्डे पडले की त्यात स्कीचं टोक अडकतं. तेच बसकण मारून झालेल्या खड्ड्याचं, उठलात की स्कीनं भरून टाका.
ड्रॅग लिफ्टवर बसायचं नाही, उभं राहायचं, ती ओढत नेते. पडलात तर हात सोडा आणि पटकन बाजूला लोळा, मागून दुसरा माणूस येतोच आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ 3,950 मीटरवर जातो, तिथून स्की करत उतरणं नवशिक्यांचं काम नाही, हिमस्खलनाचा धोका असतो.

भटकी_नाशिकची
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! दाजींना वाचून दाखवलं, ओरडणार नाही म्हणाले. ते विचारतायत, लिफ्टच्या रांगेत गर्दी असली तर?

झुरिचची_वहिनी
पुढच्याच्या स्कीजवर स्की चढवायची नाही, ओरखडे पडतात आणि लोक खरंच चिडतात. हातभर अंतर ठेवा की झालं.