कोर्टाचा घटस्फोट झालाय, मग कॅथलिक चर्चमध्ये पुन्हा लग्न का नाही?
कारण चर्चच्या लेखी पहिलं लग्न अजून उभंच आहे. ते मुळातच वैध नव्हतं, हे धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाला, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चच्या कोर्टाला, पटवावं लागतं. अर्ज फसतो तो इथेच: लोक नंतरची भांडणं पानंच्या पानं लिहितात. प्रश्न असतो वेदीसमोर ‘हो’ म्हणतानाच्या संमतीचा. जबरदस्ती होती? मूल नकोच असं आधीच ठरलं होतं? फसवणूक? म्हणून साक्षीदार लग्नाआधीपासून ओळखणारे द्या. जोडीदार गप्प बसला तरी खटला अडत नाही, मात्र त्याला नोटीस जायलाच हवी. पत्ता नीट शोधा. ८ डिसेंबर २०१५ पासून निकालाला दुसऱ्या न्यायाधिकरणाचा सक्तीचा दुजोराही लागत नाही, अपिलाला १५ दिवस. आणि लग्न अवैध ठरलं की मुलं अनौरस ठरतात ही निव्वळ अफवा. चर्चच्या कायद्याचं (कॅनन लॉ) कलम ११३७ वाचा.