दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) शेतात टांगलेली सीडी वाचता येईल का?

अमळनेरकर_भाऊ: २००५ च्या श्रावणात कानबाईच्या सणाला आजीनं म्हटलेली अहिराणी गाणी चुलतभावानं एमपीथ्री करून सीडीत राइट केली होती. आजी गेली, दुसरी कॉपी नाही. संक्रांतीला गावी गेलो तर आईनं पाखरं हाकलायला कपाटातल्या सगळ्या सीड्या दादरमध्ये काठ्यांना टांगलेल्या! त्यातच ही. महिनाभर उन्हात होती. मित्राच्या पीसीत टाकली तर नुसती घरघर करते, मग म्हणते डिस्क टाका. आईला अजून काही बोललो नाही.

तापीकाठ: टूथपेस्ट घासा. माझी गेमची सीडी चालली होती.

सायबरवाला_जळगाव: टूथपेस्ट नको रे बाबा. तो इलाज खालच्या ओरखड्यांवरचा. तिकडे १.२ मिमी प्लास्टिक असतं, सहजासहजी काही होत नाही. नाजूक बाजू वरची, मार्करनं लिहितो ती. तिथे लाखेचा पातळ लेप आणि लगेच चंदेरी थर. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढा डेटा गेला.

तुमच्या सीडीला बाधलं असेल ते ऊन. कंपनीतून छापून येते तिच्यात खड्डे असतात. आपण राइट करायचो तिच्यात रंगाचा थर, त्यावर लेझरनं डाग पाडलेले. उन्हानं तो रंग विटतो. माझ्या दुकानात खिडकीशी राहिलेल्या सीड्या एका उन्हाळ्यात बाद झाल्या होत्या.

सुतळी मधल्या भोकातून ओवली होती की कडेला भोक पाडलं? कडेला असेल तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, ५२एक्सच्या वेगानं फिरताना फुटेल. नसेल तर मऊ फडक्यानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल नाही. मग दोन-तीन वेगळे ड्राइव्ह बघा, जुना सीडी-राइटर मिळाला तर सोनं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावा, खराब डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्रॅम आहे. ते अडलेली जागा सोडून पुढचं आधी उचलतं, मग मागे येतं. रात्रभर चालू द्या.

अमळनेरकर_भाऊ: भोकातूनच ओवली होती. तिसऱ्या ड्राइव्हनं धरली! चौदापैकी नऊ गाणी पूर्ण निघाली. दहाव्यात आजी ओळ विसरते, मागून आई सांगते, आणि तिथेच अडकतं.

आईला ऐकवलं. बाकीच्या सीड्या मात्र काढू देत नाही, म्हणते आधी दादर घरात येऊ दे.