आठ महिने घर बंद: हौद, टाकी, सोलर आणि नहाणीचं पाणी कसं सोडून जावं?

मांजराकाठ
लातूरचं घर दिवाळीनंतर बंद होणार, ते मृग लागेपर्यंत. व्यवस्था अशी आहे: जमिनीखाली ८,००० लिटरचा सिमेंटचा हौद, त्यात अर्ध्या इंची नळ आणि बॉलकॉक (हौद भरला की नळ आपोआप बंद करणारा तरंगता गोळा). स्लॅबवर १,००० लिटरची प्लास्टिक टाकी. पाणी चढवायला अर्धा एचपीची मोनोब्लॉक मोटर, तिला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर. काचेच्या नळ्यांचं २०० लिटरचं सोलर, एक गिझर, एक आरओ. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तोही बहुधा रात्री. किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल. महिन्यातून एकदा त्या डोकावतील, पण मोटर किंवा कॉक त्यांच्यावर टाकायचे नाहीत.

हौद भरलेला ठेवावा की उपसून कोरडा? सोलरचं काय करावं? आणि परतल्यावर ते पाणी वापरावं का?

नळफिटर_परभणी
सुरुवात घराबाहेरून करा. मीटरजवळ किंवा फाटकापाशी जो मेन कॉक असेल तो बंद करायचा. हौदाच्या बॉलकॉकवर आठ महिने भरवसा ठेवू नका. आपल्या पाण्यात क्षार जास्त, बॉलकॉकच्या पिनेवर पांढरा थर बसतो आणि दांडी अर्ध्यावर अडकते. मग रात्री नळ आला की हौद भरून वाहतो आणि घरात कोणी नसल्यामुळे नळ जाईपर्यंत पाणी गल्लीतून वाहत राहतं.

मेन कॉक खरंच पाणी धरतो का, हे नळ आलेल्या दिवशीच कळतं. तो पूर्ण बंद करा आणि हौदातल्या नळाकडे पाच मिनिटं बघा. जुना चाकाचा गेट व्हॉल्व असेल तर बहुतेक वेळा धार थांबते पण थेंब चालू राहतात, कारण पट्टीच्या खाली गाळ बसलेला असतो. जोर लावून आवळू नका, दांडी तुटते. त्याजागी पितळेचा अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व टाका. उन्हात असलेल्या जागी पीव्हीसीचा नको, त्याची मूठ दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन हातात येते.

दुसरं, मोटर. लेव्हल कंट्रोलर चालू ठेवून घर कधीही बंद करू नका. टाकीखालचा एखादा जोड गळू लागला की पातळी उतरते, कंट्रोलर मोटर लावतो, पाणी पुन्हा गळतं, मोटर पुन्हा लागते. हौद संपला की मोटर कोरडी फिरते आणि सील जळतं. नुसतं बटण नाही, बोर्डावरचा मोटरीचा एमसीबीच (वीज तोडणारा खटका) खाली पाडा.

मग स्लॅबवरच्या टाकीचा खाली जाणारा कॉक बंद करा आणि घरातली लाइन रिकामी करा. सगळ्यात वरचा नळ आधी उघडा म्हणजे हवा शिरेल, मग सगळ्यात खालचा. फ्लश दाबून त्याची टाकीही रिकामी करा. पाणी थांबलं की सगळे नळ आठवणीनं पुन्हा बंद करा. हे राहिलं तर परतल्यावर कॉक उघडताच बेसिन भरून वाहतं.

जायच्या दोन दिवस आधी गळती तपासा: रात्री सगळे नळ बंद, टाकीत पातळीवर पेन्सिलची खूण, सकाळी पुन्हा बघा. साधारण एक मीटर रुंद टाकीत एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे आठ लिटर गेले.

गोदाकाठ
हौद आणि टाकी दोन्ही उपसून कोरडी करा, हा माझा सरळ सल्ला. आरोग्य खात्याची माणसं कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा सगळी भांडी-टाक्या रिकाम्या करणं) पाळायला सांगतात त्याला कारण आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. बंद घरातला हौद म्हणजे अख्ख्या गल्लीला त्रास.

उपसल्यावर भिंती ब्रशनं घासा, विशेषतः पाण्याची रेघ असते तिथे. डासाची अंडी त्या रेघेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. परत पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. नुसतं पाणी काढणं पुरत नाही.

काळी_रानं
घासण्याबद्दल गोदाकाठ यांचं बरोबर आहे, पण सिमेंटचा हौद आठ महिने ठणठणीत कोरडा ठेवायला माझा विरोध आहे. घर काळ्या मातीत असेल तर उन्हाळ्यात ती माती आकसते, भेगाळते आणि हौदाच्या भिंतीचा आधार सुटतो. आतला गिलावाही सुकून तडकतो. पुढे पहिल्या पावसात माती फुगून रिकाम्या भिंतीला दाबते. मग नवा भरलेला हौद दोन दिवसांत एक वीत उतरतो आणि चीर सापडत नाही.

म्हणून हौद घासून धुवा आणि तळाशी फूट-दीड फूट पाणी राहू द्या. डास झाकणानं थांबतात. झाकणाच्या कडेला जाड प्लास्टिकचा कागद घाला, वरून झाकण बसवा, फट राहील तिथे ओल्या वाळूच्या पिशव्या दाबा. हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला नायलॉनची बारीक जाळी तारेनं आवळून बांधा. डास आत शिरतो तो बहुतेक याच पाइपातून. गप्पी मासे उघड्या हौदाला चांगले, इतक्या बंद हौदाला त्यांची गरज नाही.

स्लॅबवरच्या टाकीचं गणित वेगळं. ती पूर्ण रिकामी असेल तर वैशाखातल्या वादळी वाऱ्यात उडते. १,००० लिटरच्या रिकाम्या टाकीचं वजन दोन माणसं सहज उचलतात एवढंच असतं, आणि जाताना ती पाइपाचा जोडही उपटून नेते. एकतर पाव टाकी पाणी ठेवून झाकण घट्ट करा, नाहीतर रिकामी करून जीआय तारेनं दोन बाजूंनी स्लॅबच्या हुकांना बांधा. मी बांधणंच पसंत करीन.

स्लॅबवर उघड्या पडलेल्या पाइपांना जायच्या आधी पांढरा ऑइलपेंट मारून घ्या. थंड प्रदेशातले लोक पाइप गोठण्याची काळजी करतात, आपल्याकडे पाइप उन्हानं ठिसूळ होतो.

ऊनपाणी
सोलरबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते.

पाणी न वापरता नळ्या उन्हात राहिल्या की आतलं पाणी रोज उकळायला येतं आणि वाफ हवेच्या पाइपातून निघून जाते. वरची टाकी बंद असल्यामुळे नवं पाणी येत नाही. काही महिन्यांत सोलरची टाकी उतरते आणि शेवटी नळ्या कोरड्या पडतात. कोरडी नळी उन्हात उकळत्या पाण्याच्या कितीतरी पुढे तापते. अशा नळीत परतल्या दिवशी दुपारी थंड पाणी सोडलं की ती तडकते, आणि एक फुटली की सगळं पाणी तिथून वाहून जातं.

उपाय झाकणं. संध्याकाळी, नळ्या गार झाल्यावर, जाड ताडपत्री सगळ्या नळ्यांवर टाका आणि नायलॉन दोरीनं स्टँडच्या अँगलला चार ठिकाणी बांधा. शेडनेट पुरत नाही, ऊन झिरपतं. गोणपाट पावसाळ्यापर्यंत कुजतं. सोलर रिकामं करायच्या भानगडीत पडू नका. या प्रकारात नळीचं खालचं टोक बंद असतं, त्यामुळे ड्रेन उघडला तरी नळ्यांतलं पाणी तसंच राहतं.

परतल्यावर पहाटे, ताडपत्री न काढता, आधी पाणी भरा. गरम पाण्याच्या नळाला सलग धार आली की मगच ताडपत्री काढा. गिझरलाही हाच नियम: गरम नळातून पाणी पडल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कोरडं एलिमेंट लगेच जळतं.

तांब्याभर
नहाणी विसरू नका. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंचांच्या आसपास पाणी असतं, तेच गटारीचा वास आणि झुरळं अडवतं. चैत्र-वैशाखात ते काही आठवड्यांत आटतं. जाताना प्रत्येक नहाणीत तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन-तीन चमचे गोडेतेल ओता. तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो. जाळीवर प्लास्टिक पसरून वर वीट ठेवा. कमोडमध्येही तेच करा आणि झाकण लावा. काकूंना एवढंच काम सांगा: आल्या की प्रत्येक ठिकाणी एक तांब्या पाणी, वरून चमचाभर तेल. सेप्टिक टँक असेल तर त्याच्या व्हेंट पाइपलाही जाळी बांधून जा.

आरओचा प्लग काढा, इनलेट कॉक बंद करा, साठवण टाकी रिकामी करा. परतल्यावर सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर नवे टाका. पहिल्या दोन टाक्या पाणी फरशी पुसायला वापरा, पिऊ नका.

मांजराकाठ
खूप उपयोगी. दोन शंका. वरची टाकी पाव भरून ठेवली तर सोलरला आपोआप पाणी मिळत राहील ना? मग ताडपत्रीची गरज काय? आणि परतल्यावर टाकी निर्जंतुक करायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती घालावी? मेच्या शेवटी हजार लिटर पाणी ओतून द्यायला जीव होत नाही.

ऊनपाणी
पाव टाकी म्हणजे २५० लिटर. न झाकलेलं सोलर ते हळूहळू पिऊन टाकेल आणि मग परिस्थिती तीच. शिवाय सोलरचं आउटलेट टाकीत थोडं वर काढलेलं असेल तर त्याखालचं पाणी त्याला मिळतच नाही. ताडपत्री टाका आणि सोलरला जाणारा कॉक बंद करा.

नळफिटर_परभणी
हजार लिटर लागत नाही. टाकीत १०० लिटर पाणी घ्या. १५ ते २० ग्रॅम टीसीएल बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. त्यानं भिंती ब्रशनं घासा आणि तेच पाणी एकेका नळातून क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडा. बेसिनच्या नळांची तोंडाची जाळी त्याआधी काढून ठेवा, पाइपातले क्षाराचे पापुद्रे तिथेच अडकतात. आरओचा कॉक या वेळी बंदच हवा. चार तास तसंच ठेवा, मग उरलेलं संडासात वापरा. हातमोजे घाला आणि त्या दिवशी संडासात ॲसिड ओतू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. नंतर भरलेल्या पाण्याला नेहमीचं प्रमाण पुरे: १,००० लिटरला ५ ग्रॅम, अर्धा तास थांबून वापर.

मोटर लावण्याआधी मागच्या पंख्याकडून शाफ्ट हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर स्क्रूड्रायव्हरनं हलकेच मोकळा करा. मोटरीत पाणी भरल्याशिवाय चालू करू नका, हौदातल्या पाइपाच्या टोकाला असलेल्या फूट व्हॉल्वचा वायसर सुकलेला असतो आणि मोटर पाण्याऐवजी हवा ओढते. बटण दाबल्यावर नुसती घुमली तर दोन-तीन सेकंदांत बंद करा: आधी शाफ्ट जाम आहे का बघा, मग कंडेन्सर (मोटरीला सुरुवातीचा जोर देणारा भाग).