घरी बनवलेल्या जुन्या बोट-लिफ्टवर अजून भरवसा ठेवावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. मात्र खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर जलाशयाच्या काठाशी आमची थोडी शेती आहे आणि तेथे आमची सोळा फुटी फायबरची बोट असते. ती पाण्याबाहेर टांगून ठेवता यावी म्हणून माझ्या वडिलांनी २००७ मध्ये स्वतःच्या हाताने एक लिफ्ट उभी केली. ते कापड गिरणीत फिटर होते आणि काम पक्के करीत; पण हिशेब कागदावर मांडून ठेवण्याची त्यांना सवय नव्हती, आणि आता विचारायला ते नाहीत.

तीन इंची लोखंडी पाइपचे चार खांब काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवलेले आहेत. बोटीखाली शंभरच्या (१०० मिमी उंचीच्या) सी-चॅनेलच्या दोन तुळया असून त्यांची चारही टोके ८ मिमीच्या वायर रोपने टांगलेली आहेत. हे रोप खांबांच्या माथ्यावरच्या कप्प्यांवरून एका लांब शाफ्टवर गुंडाळले जातात आणि तो शाफ्ट वर्म गिअरच्या हातविंचने फिरतो.

गेल्या हंगामात बोट उचलताना टक्क असा आवाज झाला आणि मागचा डावा कोपरा अंगठाभर खाली बसला. तेव्हापासून आम्ही लिफ्ट वापरलेली नाही. मे महिन्यात पाणी मागे सरकून ठोकळे उघडे पडले, तेव्हा मी व्हर्नियर आणि ओळंबा घेऊन दोन दिवस तेथे मुक्काम केला.

चॅनेलच्या उभ्या पत्र्याची जाडी मुळात पाच मिमीच्या आसपास असते. हातोडीने पापुद्रे काढल्यावर ती सर्वांत वाईट जागी ३.६ मिमी भरली. बोटीचे वजन मी धर्मकाट्यावर ट्रॉलीसकट आणि नंतर रिकामी ट्रॉली असे दोनदा करून काढले; इंजिन आणि पेट्रोल धरून ते ६९० किलो आले. दोन वर्षांपूर्वी जुन्या टू-स्ट्रोकच्या जागी जड फोर-स्ट्रोक इंजिन बसवल्यामुळे मागच्या तुळईवर ६० टक्के, म्हणजे प्रत्येक टोकाला सुमारे २१० किलो भार येतो असे मी धरले. बोटीचा टेकू टोकापासून ८० सेमी आत असल्याने नमन-आघूर्ण (तुळई वाकवू पाहणारा जोर) १६,८०० किलो-सेमी होते. शंभरच्या चॅनेलचा छेद-गुणांक (आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) साधारण ३७ घन सेमी असतो. गंजापोटी ३० टक्के वजा करून २६ धरला, तरी ताण ६५० किलो प्रति चौ. सेमीच्या आतच राहतो, आणि साध्या पोलादाला १,६५० पर्यंत चालतो. ८ मिमीचा नवा रोप तर सुमारे साडेतीन टनांना तुटतो.

या आकड्यांवरून लिफ्ट भरपूर मजबूत आहे असे दिसते, आणि तरीही तिच्याखाली उभे राहण्याचे धैर्य मला होत नाही. पाण्याने भरलेली पिंपे तुळयांवर ठेवून चाचणी घेतली, तर ती पुरेशी मानता येईल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपले गणित बरोबर आहे, मात्र ते ज्या भागाचे केले आहे तो भाग बहुधा सर्वांत शेवटी मोडेल. अशा लिफ्टमध्ये तुळई वाकून अपघात होण्यापेक्षा कप्पीच्या कानाचे (कप्पी खांबाला धरून ठेवणाऱ्या पट्टीचे) वेल्डिंग सुटणे किंवा रोप तुटणे अधिक संभवते. आवाज झालेल्या कोपऱ्यातील कानाजवळ रंगावरून तांबूस ओघळ उतरलेला आहे का, हे आधी पाहावे. तसा ओघळ बहुतेक वेळा केसाएवढ्या भेगेतून येतो. रंग खरवडून तेथे डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करून घ्यावी. लाल द्रव लावून पुसल्यावर वरून पांढरा फवारा मारला की भेग लाल रेघ होऊन उमटते.

रोपासाठी कप्पीचा व्यास मोजावा. तो रोपाच्या व्यासाच्या निदान सोळा ते अठरा पट हवा. कप्पी लहान असली, तर कमी भारातही आतल्या तारा वाकून वाकून तुटतात. रोपाच्या एका पूर्ण पिळाच्या लांबीत सहा तारा तुटलेल्या दिसल्या, तर तो रोप बाद समजावा.

पावसाचा भार आपण धरलेलाच नाही. बोट वरून सात चौरस मीटर उघडी असेल आणि तळाचे बूच बसवलेले राहिले, तर दहा सेमी पावसात तिच्यात ७०० किलो पाणी साठते. म्हणजे एका रात्रीत वजन दुप्पट! टांगलेल्या बोटीचे बूच काढलेलेच असावे.

चाचणी अवश्य घ्यावी, पण दुरुस्तीनंतर. दोनशे लिटरची चार पिंपे पाण्याने भरली की रिकाम्या पिंपांच्या वजनासह ८७० किलोच्या आसपास भार होतो, म्हणजे बोटीच्या सव्वापट. तुळया जमिनीपासून वीतभरच उचलाव्यात आणि खाली कोणी नसावे. चाचणीत टिकलेली भेग पुढे वाढणार नाही असे मात्र त्यावरून ठरत नाही. म्हणून भेग आधी शोधायची.

मूळ लेखक:

मनःपूर्वक आभार. ओघळ होता, मी तो साधा गंज समजून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला होता. डीपी टेस्टमध्ये कानाच्या वरच्या कडेला पेराएवढी लांब रेघ उमटली. कप्पीचा व्यास ६५ मिमी, म्हणजे रोपाच्या जेमतेम आठ पट निघाला, आणि त्या कोपऱ्यातील रोपाच्या एका पिळात सात तारा तुटलेल्या सापडल्या. शिवाय तोच खांब तीन मीटर उंचीत ४० मिमी कलला आहे. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे ठोकळा हलला असावा. चारही रोप आणि कप्प्या बदलणार आहेच. कान मात्र एकच बदलला तर चालेल का?

प्रतिसाद:

चारही बदलावेत. ते एकाच हाताने, बहुधा एकाच दिवशी जोडलेले आहेत, आणि उरलेल्या तिघांनी तेवढीच वर्षे तसाच भार पेललेला आहे. कललेल्या खांबाचा ठोकळा काळ्या मातीच्या थराखाली मुरमापर्यंत उतरवून नव्याने भरावा आणि खांबांना तिरके आधार द्यावेत. हे होईपर्यंत बोट ट्रॉलीवरच राहू द्यावी.